हरियाल पक्षी आणि गावचे वड-उंबर

हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. तथापि ज्या शेतकऱ्याच्या बांधावर तो वर्षानुवर्षे येऊन बसतो, त्यालाही त्याची ओळख पुष्कळदा नसते. कोणी त्याला पोपट समजतो, कोणी रानपारवा म्हणतो, तर कोणी पिकावर येणाऱ्या इतर पाखरांत त्याची गणना करून त्याला हुसकावून लावतो. हा पक्षी धान्य खात नाही, जमिनीवर क्वचितच उतरतो आणि त्याचे जीवन सर्वस्वी फळे देणाऱ्या झाडांवर, विशेषतः वड, पिंपळ व उंबर या वर्गातील झाडांवर अवलंबून असते. म्हणून त्याची माहिती करून घेणे म्हणजे आपल्या गावच्या झाडांची माहिती करून घेणेच होय. या लेखात कोल्हापूर जिल्ह्यातील जोतिबाचा डोंगर व त्याच्या पायथ्याची गावे डोळ्यांसमोर ठेवून या पक्ष्याचे रूप, सवयी व वसतिस्थान यांचे वर्णन केले आहे आणि ग्रामकार्यकर्त्यांना व शेतकऱ्यांना काय करता येईल हेही सांगितले आहे.

नाव व ओळख

या पक्ष्याला मराठीत हरियाल किंवा हरोळी असे म्हणतात. पाय पिवळे असल्यामुळे ‘पिवळ्या पायांची हरोळी’ हे नावही पुस्तकांतून आढळते. शास्त्रीय नाव ट्रेरॉन फिनिकॉप्टेरस असे आहे. तो पारवा, होला व कवडा यांच्याच कुळातील असून आकाराने साधारणपणे पारव्याएवढा, म्हणजे सुमारे ३० ते ३३ सेंटीमीटर लांबीचा असतो. शरीराची ठेवण भरदार व शेपूट आखूड असते.

ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे ध्यानात ठेवाव्यात. डोके राखी रंगाचे असते. मान व छाती पिवळसर हिरवी असून पाठीचा रंग किंचित मळकट हिरवा असतो. खांद्यावर फिकट जांभळ्या रंगाचा ठिपका असतो. पक्षी शांत बसला असता तो स्पष्ट दिसतो. पंख काळसर असून त्यांवर पिवळी रेघ असते. पाय हळदीसारखे पिवळेधमक असतात आणि हीच सर्वांत खात्रीची खूण होय. दख्खनमधील हरियालाचे पोटही पिवळे असते. उत्तर भारतातील हरियालाचे पोट मात्र राखी असते. नर व मादी दिसण्यात सारखीच असतात, मादीचे रंग काहीसे फिके असतात इतकेच.

पोपटाशी त्याची गल्लत होण्याचे कारण केवळ हिरवा रंग हे आहे. पोपटाची शेपूट लांब व निमुळती, चोच लाल व आकड्यासारखी वाकडी आणि ओरडणे कर्कश असते. हरियालाची शेपूट आखूड, चोच फिकट रंगाची व पारव्यासारखी असते. त्याचा आवाज तर घुमण्यापेक्षा शीळ घातल्यासारखा, मृदू व सुरेल असतो. झाडाखाली उभे राहिले असता एखादा मनुष्य पानांआड बसून चढउताराने शीळ घालीत आहे, असा भास होतो.

पश्चिमेकडे सह्याद्रीच्या दाट व ओल्या जंगलात हरोळीची आणखी एक जात आढळते. तिच्या नराची पाठ तांबूस तपकिरी असते व पाय लालसर असतात. ती सदाहरित रानात राहणारी आहे. मोकळ्या प्रदेशात, शेतांच्या कडेला, रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या झाडांवर व गावाजवळच्या राईत दिसणारी हरोळी बहुधा पिवळ्या पायांचीच असते.

राहणी व सवयी

हरियाल समूहाने राहणारा पक्षी आहे. पाचदहा पक्ष्यांचा थवा नेहमी आढळतो. परंतु एखादे मोठे झाड फळांनी लगडले की निरनिराळे थवे तेथे एकत्र येतात आणि संख्या बरीच वाढते. हिवाळ्यात सूर्योदयानंतर हे पक्षी उंच झाडाच्या निष्पर्ण शेंड्यांवर उन्हे घेत स्वस्थ बसतात. त्यांना पाहण्याची व मोजण्याची हीच उत्तम वेळ होय. उन्हे वर आली की ते फळे असलेल्या झाडाकडे वळतात आणि दाट पानांत शिरल्यावर दिसेनासे होतात. माणूस जवळ आला की ते लगेच उडून जात नाहीत. अंग न हलवता निश्चल बसून राहतात. मग झाडाखाली पडलेली अर्धवट फळे व पानांतील किंचित हालचाल यांवरूनच त्यांचे अस्तित्व कळते. अखेरीस भय वाटले म्हणजे पंखांचा फडफडाट करीत सारा थवा एकदम बाहेर पडतो. त्यांचे उड्डाण सरळ, वेगवान व बळकट असते.

फळे खाताना हा पक्षी पोपटाप्रमाणे फांदीला उलटा लोंबकळू शकतो आणि बारीक डहाळीच्या टोकाचे फळही तोडून घेतो. त्याच्या मजबूत पायांचा येथे उपयोग होतो. फळ तो कुरतडीत बसत नाही, सबंध गिळतो.

उत्तर भारतात अशी समजूत आहे की, हरियाल जमिनीला कधीही पाय लावीत नाही आणि पाणी पिण्यास उतरावे लागलेच तर पायात काडी धरून उतरतो. ही समजूत खरी नसली, तरी ती ज्या निरीक्षणातून निघाली ते निरीक्षण खोटे नाही. हा पक्षी आपले सारे आयुष्य झाडावर घालवितो. पाणी पिण्यासाठी व कधी खारट माती खाण्यासाठी मात्र तो खाली येतो. पारव्याच्या कुळातील इतर पक्ष्यांप्रमाणे तो चोच पाण्यात बुडवून पाणी ओढून घेतो. कोंबडीप्रमाणे प्रत्येक घोटास मान वर करीत नाही.

वीण

विणीचा हंगाम मुख्यतः मार्च ते जून असा असतो. काटक्या एकमेकींवर रचून केलेले हरियालाचे घरटे इतके विरळ असते की, पुष्कळदा खालून त्यातील अंडी दिसू शकतात. मादी दोन पांढरी अंडी घालते. घरटे बांधणे, अंडी उबविणे व पिलांना भरविणे ही कामे नर व मादी दोघेही करतात. पिलांना आरंभी गळ्यातील पिशवीत तयार होणारा दुधासारखा घट्ट रस भरविला जातो. हे पारव्याच्या सर्व कुळाचे वैशिष्ट्य आहे.

घरटे असे नाजूक असल्यामुळे फांदी हलविल्यास, झाड छाटल्यास किंवा खाली जाळ केल्यास अंडी व पिले सहज नष्ट होतात. म्हणूनच विणीचा काळ व गावातील इतर कामांचा काळ यांचा मेळ घालणे अगत्याचे आहे.

आहार आणि पिकांचा प्रश्न

वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक व पायर यांची फळे हा हरियालाचा मुख्य आहार होय. त्याशिवाय जांभूळ, बोर यांसारखी रानफळे व क्वचित कोवळे अंकुर तो खातो. जोंधळा, भात किंवा भुईमूग या पिकांवर तो येत नाही. पारवे व होले शेतातील दाणे टिपतात, म्हणून त्यांच्याबरोबर हरियालासही दोषी ठरविणे योग्य नाही. एखाद्या अंजिराच्या किंवा तुतीच्या बागेत पिकलेल्या फळांवर पक्षी उतरू लागलेच, तर फळे पिकण्याच्या काळात जाळी लावणे व फळे वेळेवर उतरविणे एवढा उपाय पुरेसा असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. फळे खाणारा प्रत्येक पक्षी बी पसरवून रान वाढवितो, असे सरसकट म्हटले जाते. हरियालाच्या बाबतीत ते पूर्णपणे लागू पडत नाही. या गटातील पक्ष्यांची पेषणी, म्हणजे अन्न दळणारा जठराचा भाग, फार बळकट असते आणि वड-उंबराच्या फळांतील बारीक बी तीत बहुतांशी दळले जाते. बी दूर नेऊन पेरण्याचे काम मुख्यतः साळुंकी, बुलबुल, कोकीळ, तांबट हे पक्षी व फळे खाणारी वटवाघळे करतात. जुन्या भिंतीत, विहिरीच्या काठावर किंवा ताडामाडाच्या खोडात उगवलेली वड-पिंपळाची रोपे ही त्यांचीच पेरणी होय. हरियाल हा त्या झाडांचा पेरणारा नसून त्यांच्या फळांवर जगणारा आहे. त्यामुळे गावात झाडे किती आहेत व ती फळे देतात की नाही, याची तो चांगली साक्ष देतो. ज्या गावात हरियालाचे थवे बारमाही दिसतात, त्या गावाच्या परिसरात जुनी झाडे पुरेशी शिल्लक आहेत असे समजण्यास हरकत नाही.

उंबराचे फूल कोठे असते?

जो मनुष्य क्वचितच दृष्टीस पडतो त्याला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वस्तुतः उंबराला फुले असतात आणि ती असंख्य असतात. परंतु ती फळाच्या आत दडलेली असतात. ज्याला आपण उंबराचे किंवा वडाचे फळ म्हणतो, तो आतून फुलांनी अस्तर लावलेला एक बंद पेला आहे. त्याच्या टोकाला बारीक छिद्र असते. त्या छिद्रातून चिलटाएवढी एक माशी आत शिरते, फुलांचे परागीकरण करते, तेथेच अंडी घालते व मरते. तिची पिढी त्याच फळात वाढते. नव्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसऱ्या झाडाचे योग्य अवस्थेतील फळ शोधतात. या वर्गातील झाडांच्या निरनिराळ्या जातींना बहुधा आपापली निराळी माशी असते.

बाहेर पडलेल्या माशीचे आयुष्य फार थोडे, एकदोन दिवसांचे असते. तेवढ्या अवधीत तिला दुसरे झाड मिळालेच पाहिजे. म्हणून एका जातीची सर्व झाडे एकाच वेळी फळांवर येऊन चालत नाही. एक झाड आज, दुसरे महिन्याभराने, तिसरे त्यानंतर अशी त्यांची पाळी लागलेली असते. याच कारणाने ऐन उन्हाळ्यात, इतर रानफळे संपलेली असतानाही, कोठे ना कोठे एखादा वड किंवा उंबर फळांनी भरलेला सापडतो. हरियाल, तांबट, बुलबुल, साळुंकी, वटवाघळे या सर्वांचा टंचाईच्या महिन्यांतील निर्वाह या व्यवस्थेवर चालतो.

यावरून एक झाड तोडण्याचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, हे ध्यानात येईल. परिसरात पुष्कळ वड असतील तर वर्षभर पाळी चालू राहू शकते. ते कमी होत चारपाचांवर आले, तर वर्षातील काही महिने असे येतात की, पक्ष्यांना खाण्यास काहीच उरत नाही. माशी वाऱ्याबरोबर बरीच दूर जाऊ शकते, तरीही झाडे फार विरळ झाली म्हणजे परागीकरणही अनिश्चित होते. झाड उभे असूनही मग फळे न पिकता गळू लागतात.

जोतिबाचा परिसर

जोतिबाचा डोंगर, म्हणजेच वाडी रत्नागिरी, कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरवर पन्हाळा तालुक्यात आहे. डोंगराच्या उतारांवर मुख्यतः गवत असते. घळींत, ओढ्याकाठी व पाणथळ जागी झाडी टिकून राहते. पायथ्याशी कुशिरे, पोहाळे, केर्ली यांसारखी गावे असून ऊस, भात, भुईमूग, सोयाबीन ही तिकडील पिके आहेत. हरियालास हवी असणारी जागा अशीच असते. त्याला घनदाट अरण्य लागत नाही, परंतु उघडा माळही चालत नाही. ओढ्याकाठचे उंबर, देवळाजवळचे वड-पिंपळ, बांधावरची जांभळे व रस्त्याकडेची जुनी झाडे एकमेकांपासून फार लांब नसतील, तर तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात वर्ष काढतो.

या परिसरात झाडांवर येणारी संकटे चार प्रकारची आहेत.

पहिले संकट वणव्याचे. फेब्रुवारीपासून पुढे डोंगरावरील गवत वाळते. नवे गवत चांगले फुटते या समजुतीने ते पेटविले जाते, अथवा निष्काळजीपणाने पेटते. जुना वड एका वणव्याने मरत नाही. परंतु त्याखालची सर्व रोपे जळतात आणि त्याची जागा घेणारे कोणी उरत नाही.

दुसरे संकट बांध साफ करण्याचे. उसाच्या शेतावर झाडाची सावली पडते, पीक बसते, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. मात्र त्यावर झाड समूळ काढणे हा एकच उपाय नव्हे. खालच्या फांद्या उतरविल्या असता ऊन आत येते आणि झाडही राहते.

तिसरे संकट रस्तारुंदीकरणाचे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लावण्यास उत्तेजन मिळाले. अशा जुन्या झाडांपैकी पुष्कळ झाडे रस्ते रुंद करताना गेली. शंभर वर्षांच्या वडाऐवजी लावलेले रोप त्याच्याइतकी फळे देऊ लागण्यास दोन पिढ्या जातात.

चौथे संकट गर्दीचे. चैत्र पौर्णिमेस जोतिबाची मोठी यात्रा भरते; सासनकाठ्या घेऊन दूरदूरचे भाविक येतात. हाच हरियालाच्या विणीचा काळ असतो. झाडाच्या बुंध्याशी चूल पेटविणे, सरपणासाठी फांद्या तोडणे, बुंध्याला तारा आवळणे व खिळे ठोकणे यांमुळे झाडांची व घरट्यांची हानी होते. थोडी शिस्त पाळल्यास ती सहज टाळता येते.

शिकार व कायदा

पूर्वी हरियालाची मांसासाठी शिकार होत असे. फळांवर आलेल्या झाडाखाली शिकारी दबा धरून बसत आणि थवा पुन्हा पुन्हा त्याच झाडावर येत असल्याने एका दिवसात पुष्कळ पक्षी मारले जात. आता वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या पक्ष्याची शिकार करणे, त्याला पकडणे, अथवा त्याची अंडी व घरटी नष्ट करणे हा गुन्हा आहे. गलोल व जाळे घेऊन फिरणाऱ्या मुलांना ही गोष्ट धाकाने न सांगता, पक्षी दाखवून समजावून द्यावी.

झाडे कशी लावावीत

१. वडाची लागवड फांदीपासून सुलभ होते. मनगटाएवढी जाड व सहा ते आठ फूट लांबीची निरोगी फांदी घेऊन पावसाच्या आरंभी दोन फूट खोल खड्ड्यात घट्ट रोवावी. वरच्या कापलेल्या टोकास शेण व माती यांचा लेप द्यावा. फांदी उंच असल्यामुळे शेळ्यांचे तोंड शेंड्यापर्यंत पोहोचत नाही.

२. पिंपळ व उंबर यांची रोपे जुन्या भिंती, विहिरी व छपरांवर पावसाळ्यात आपोआप उगवतात. तेथे ती इमारतीस अपाय करतात. ती मुळांसकट अलगद काढून पिशवीत वाढवावीत व पुढील पावसाळ्यात लावावीत. यामुळे भिंत वाचते व झाडही मिळते.

३. जागा निवडताना घर, विहीर व बांधीव पाट यांपासून किमान ५० फूट अंतर ठेवावे. या झाडांची मुळे दूरवर पसरतात. ओढ्याचा काठ, गायरान, गावतळ्याची पाळ व शाळेच्या आवाराची कड या जागा योग्य होत. उंबर ओलाव्याच्या जागी चांगला वाढतो.

४. पहिली तीन वर्षे काटेरी कुंपण करावे, उन्हाळ्यात पाणी द्यावे व रोपाभोवतीचे गवत कापून ठेवावे, म्हणजे वणव्याची झळ लागणार नाही.

५. एकाच जातीची सर्व झाडे न लावता वड, उंबर, पिंपळ, नांद्रुक व जांभूळ अशी मिश्र लागवड करावी.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी काम

प्रत्येक गावात पुढील नोंद ठेवणे शक्य आहे. गावच्या हद्दीतील वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक या मोठ्या झाडांना क्रमांक द्यावेत. प्रत्येक महिन्याच्या आरंभी कोणत्या झाडावर फळे आहेत, हे शाळेतील मुलांच्या साहाय्याने वहीत लिहावे. वर्षअखेर ही वही पाहिली असता कोणत्या महिन्यात गावात एकही फळलेले झाड नसते, हे कळून येईल. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळी उन्हे घेणारे हरियाल मोजून तेही लिहावे. अशी नोंद दोनतीन वर्षे राहिली, तर ग्रामसभेपुढे झाडांचा प्रश्न मांडताना केवळ कळकळीवर विसंबावे लागत नाही. हातात आकडे असतात.

त्याचबरोबर पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. गवत वाळण्यापूर्वी झाडांच्या राईभोवती जाळरेषा काढून घ्यावी. फांद्यांची छाटणी मार्च ते जून या काळात व झाडावर फळे असताना करू नये. यात्रेपूर्वी मोठ्या झाडांखाली चुली न पेटविण्याविषयी सूचना लावावी व स्वयंपाकासाठी निराळी जागा नेमून द्यावी. कोणतेही मोठे झाड तोडण्यापूर्वी परवानगीविषयी महसूल वा वन खात्याकडे चौकशी करण्यास शेतकऱ्यांस सांगावे.

शेतकऱ्याचा लाभ

हरियाल शेतकऱ्याचे काम थेट करीत नाही, हे वर सांगितलेच आहे. परंतु ज्या झाडावर तो जगतो ते झाड पुष्कळ कामे करते. त्याच झाडाच्या फळांवर येणारी साळुंकी शेतातील अळ्या व टोळ वेचते. त्याच्या ढोलीत राहणारा पिंगळा रात्री उंदीर मारतो. त्याची मुळे ओढ्याचा काठ धरून ठेवतात, पाला जमिनीत कुजतो आणि उन्हाळ्यात गुरांना व माणसांना सावली मिळते. उंबराचा व वडाचा पाला टंचाईत शेळ्यांच्या उपयोगी पडतो.

नवी रोपे लावणे आवश्यक आहे. परंतु उभे असलेले जुने झाड राखणे त्याहून अधिक फलदायी आहे, कारण ते आजच फळे देत आहे आणि रोपाला ती देण्यास पुष्कळ वर्षे लागतील. हरियालासाठी निराळे अभयारण्य किंवा मोठा खर्च यांची गरज नाही. बांधावरचा, ओढ्यावरचा व देवळापुढचा वड-उंबर शाबूत राहिला, तर राज्याचा हा पक्षी जोतिबाच्या पायथ्याच्या गावांतून यापुढेही दिसत राहील.